यंत्र आपले, नकाशा कुणाचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच दुखणे पुन्हा पुन्हा दिसले. वस्तू विकत घेतली, पैसे फिटले, पण ती उघडायची, दुरुस्त करायची किंवा दुसऱ्या वस्तूला जोडायची म्हटले की कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. सातबारा आपल्या नावावर आणि मोजणीचा नकाशा दुसऱ्याच्या कपाटात, असा हा प्रकार. इथे नकाशा म्हणजे यंत्राच्या आतली जोडणी दाखवणारा आराखडा. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

बोरवर सरकारी योजनेतून बसवलेला ५ एचपीचा सौरपंप आहे. दोन वर्षे झाली. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला कंट्रोलर एरर दाखवतो आणि मोटार बंद पडते. गावचा मेकॅनिक म्हणतो, पासवर्ड नाही, नकाशा नाही, हात लावता येत नाही. कंपनीचा माणूस पंधरा-पंधरा दिवस फिरकत नाही. — शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

आधी एक गोष्ट: कंट्रोलरचे, म्हणजे पॅनेलच्या विजेवर मोटार चालवणाऱ्या पेटीचे, सील तोडू नका. योजनेतल्या पंपाची पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराच्या गळ्यात आहे. सील तुटले की त्याला हात झटकायला कारण मिळते.

न उघडता बरेच कळते. एरर आली की पडद्याचा फोटो काढा. वेळ, ऊन कसे होते आणि बोरला पाणी किती होते, हे वहीत लिहा. आठ दिवसांत नमुना दिसतो. दुपारी दोन-तीन तास चालून मोटार थांबत असेल आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू होत असेल, तर बहुधा ते ‘ड्राय रन’, म्हणजे पाण्याविना फिरणे, आहे. बोरचे पाणी खाली गेले, मोटारचा करंट पडला आणि कंट्रोलरने तिला वाचवले. हा बिघाड नाही. व्हॉल्व्ह थोडा दाबून पाणी कमी केले तर पंप दिवसभर चालू शकतो. सकाळी आणि ढगाळ हवेतच एरर येत असेल तर पॅनेलकडे बघा. ५ एचपीला साधारण ४,८०० वॅटचे पॅनेल असतात. धूळ बसली किंवा वाढलेल्या तुरीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी पूर्ण रांगेची ताकद घटते. मात्र पॅनेलची जोडणी चालू लोडवर कधीही ओढू नका. ती काहीशे व्होल्टची डीसी लाईन आहे आणि डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही. आधी आयसोलेटर (पॅनेलची लाईन तोडणारा स्विच) बंद करा.

आता कागदांचे. पुरवठादाराला लेखी पत्र देऊन पाच गोष्टी मागा: वायरिंगचा नकाशा, एरर कोडची यादी, पॅरामीटरची, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरलेल्या मर्यादांची, यादी (कारखान्यातल्या मूळ आकड्यांसह), पंपावर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेतली माहिती शेतकऱ्याला कशी पाहता येते त्याची पद्धत, आणि पाच वर्षांनंतर पासवर्ड कुणाला व कसा मिळणार. हा शेवटचा प्रश्न आज कुणी विचारत नाही. वॉरंटी संपल्यावर तोच सगळ्यात महाग पडणार आहे. पंप नीट चालू असताना मेनूतले जेवढे आकडे दिसतात त्यांचे फोटो आजच काढून ठेवा. बोर्ड बदलला की हे आकडे पुसले जातात. मग नवा बोर्ड चुकीच्या करंट मर्यादेवर चालून मोटारचे वायंडिंग जळू शकते.

दाद मागायची असेल तर आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर लावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारांचाही वर्ग आहे. पण ते पोर्टल आहे, कायदा नव्हे. कागद देण्याची सक्ती त्यातून होत नाही. म्हणून लेखी मागणीची पोच जपून ठेवा, आयोगापुढे तीच कामाला येते.

आमच्या वर्कशॉपमध्ये सहा मशीनवर एनर्जी मीटर आहेत. मीटरला आरएस-४८५ पोर्ट (दोन तारांवरून आकडे बाहेर देणारी जोडणी) आहे. रजिस्टरची, म्हणजे मीटरमधला कोणता आकडा कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यात आहे याची, यादी मागितली तर कंपनी म्हणते, आमचेच सॉफ्टवेअर घ्या, वर्षाच्या भाड्याने. दुसरा मार्ग आहे का? — लघुउद्योजक, वाळूज

आहे, आणि तो पूर्ण सांगण्यासारखा आहे.

या पोर्टवर बहुतेक वेळा मॉडबस चालतो. यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ही ठरलेली भाषा. मॉडिकॉन कंपनीने तो १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे नियम आजही कुणालाही फुकट वाचता येतात. म्हणजे भाषा खुली आहे, शब्दकोश तेवढा लपवला आहे. कोणत्या रजिस्टरमध्ये व्होल्टेज आहे आणि कोणत्यात युनिट, एवढेच शोधायचे आहे.

लागते काय? यूएसबी ते आरएस-४८५ अडॅप्टर, पिळाची दोन तारांची केबल, लॅपटॉप, आणि ‘एमबीपोल’सारखे मुक्त सॉफ्टवेअर. मीटरचा ए अडॅप्टरच्या ए ला आणि बी बी ला जोडा. उत्तर आले नाही तर आधी या दोन तारा उलटवून बघा. काही कंपन्या ए-बीची नावे उलटी छापतात. त्याने काही जळत नाही. वेग ९६०० आणि पत्ता (मीटरचा क्रमांक) १ धरून सुरुवात करा, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) आधी ‘नन’ आणि मग ‘ईव्हन’. पुष्कळ मीटरांत हे आकडे मीटरच्याच मेनूत सापडतात. आधी एकच मीटर जोडा. सहाही एकदम जोडले आणि सगळ्यांचा पत्ता १ असला, तर सगळे एकदम बोलतात आणि काहीच कळत नाही.

आता फंक्शन ०३ आणि नंतर ०४ (हे वाचण्याच्या आज्ञांचे क्रमांक) वापरून दहा-दहा रजिस्टर वाचत जा. ‘एरर ०२’ आली तर त्या दहांतले एखादे तरी रजिस्टर नाही, तिथे एक-एक, दोन-दोन वाचून बघा आणि मग पुढे चला. फक्त वाचायचे. ०६ आणि १६ ही लिहिण्याची फंक्शन आहेत. त्यांना हात लावला तर पत्ता किंवा सीटी रेशो (मोठा करंट मीटरसाठी किती पट लहान केला ते प्रमाण) बदलून बसतो. रेशो बदलला की त्या दिवसापासून सगळी युनिटे खोटी येतात.

वाचताना मीटरच्या पडद्यावरचा आकडा डोळ्यापुढे ठेवा. पडद्यावर २३०.४ व्होल्ट आहे आणि एका रजिस्टरमध्ये २३०४ दिसतेय, तर सापडले, दहाने भागायचे. पण कधी कधी शेजारशेजारच्या दोन रजिस्टरमध्ये १७२५४ आणि ० असे काहीतरी विचित्र दिसते. पुष्कळ जण इथेच सोडून देतात. हे ३२ बिटांचे दशांश आकडे आहेत. १७२५४ आणि ० मिळून बरोबर २३०.० होतात. काही मीटर त्यांचा क्रम उलटा ठेवतात, आधी ० आणि मग १७२५४. सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लोट’ (दशांश आकड्यांचा प्रकार) निवडा आणि दोन्ही क्रम लावून बघा. करंटसाठी एखादे मशीन चालू-बंद करा, जो आकडा त्यासोबत हलतो तो करंट. युनिट ओळखणे सोपे: तो आकडा कधी कमी होत नाही.

आणखी एक चकवा. कुठे छापलेल्या यादीत ४०००१ असते, पण त्यासाठी काही सॉफ्टवेअरला ० द्यावा लागतो, तर काहींना १. एकाचा हा फरक पडला की व्होल्टेजच्या जागी शेजारच्या फेजचे व्होल्टेज येते. आकडा खरा वाटतो, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

सहा मीटर एकाच केबलवर ओळीने जोडा, झाडाच्या फांद्यांसारखे फाटे काढू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. मोठ्या मोटारीच्या केबलसोबत एकाच पाईपातून ही तार नेऊ नका. व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे यंत्र) असेल तर नक्कीच नको.

हे कायद्यात बसते का, असे तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अशी मुभा आहे: कायदेशीर ताब्यात असलेल्या प्रोग्रामशी दुसरा स्वतंत्र प्रोग्राम जोडण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करता येते. खरेदीच्या वेळी काही करार केला असेल तर तो मात्र वाचून घ्या. आणि तुम्ही तयार केलेली यादी मीटरचे मॉडेल आणि फर्मवेअरची (मीटरच्या आतल्या प्रोग्रामची) आवृत्ती लिहून शेजाऱ्याला द्या. त्याच वसाहतीत तोच मीटर किती जणांनी लावला असेल, विचार करा.

मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. नव्या फोनचा डिस्प्ले ओरिजिनल टाकला तरी ‘अनोळखी पार्ट’ असा संदेश येतो. नकाशे मिळत नाहीत. धंदा कसा टिकवायचा? — परभणी

संदेशाचे कारण असे की पार्टवरच्या चिपचा नंबर मदरबोर्डशी कंपनीच्या सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. पार्ट अस्सल असला तरी जोड लावायची किल्ली कंपनीकडेच. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने २०२४ मध्ये या प्रकाराविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. ग्राहकाला हे काम घेण्याआधीच सांगा आणि बिलावर लिहा.

नकाशाची उणीव मात्र तुम्ही स्वतः बरीच भरून काढू शकता. चांगला चालू बोर्ड हाती आला की बॅटरी काढून मल्टिमीटर डायोडवर लावा, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळी कनेक्टरच्या एकेका पिनला. साधारण ०.३ ते ०.७ आकडे येतात. ते मॉडेलनिहाय वहीत उतरवा. मेलेल्या बोर्डवर त्याच पिनला ० आले तर लाईन शॉर्ट, ‘ओएल’ आले तर तुटलेली. डिस्प्ले, चार्जिंग आणि बॅटरी या तीन कनेक्टरांची वही वीस मॉडेलांची झाली तरी रोजची बरीच कामे निघतात. मुख्य लाईन शॉर्ट असेल तर बेंच सप्लायने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या पुरवठ्याने) १ व्होल्टच द्या. घाईत ४ व्होल्ट दिले की शॉर्ट कपॅसिटरसोबत पॉवर आयसीही जाऊ शकते. कपॅसिटरवर रोझीनचा पातळ थर द्या, जिथे तो आधी वितळतो तिथे दोष. शहरातल्या चार दुकानदारांनी वह्या एकत्र केल्या तर सगळ्यांचाच वेळ वाचेल.

इंजिनीअरिंगला आहे. सगळे कागद उघडे ठेवले तर कंपनी बुडेल, असे वर्गात सांगतात. खरे आहे का? — वसमत, जि. हिंगोली

आयबीएमचे उदाहरण नीट बघा. १९८१ मध्ये पीसी आला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत पूर्ण सर्किट आणि बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) कोडही छापलेला होता. कोडवर कॉपीराईट होता. तरी कॉम्पॅकने तो न उतरवता, वेगळ्या माणसांकडून नव्याने लिहून घेतला आणि जुळणारा संगणक काढला. मग क्लोनची, म्हणजे तशाच जुळणाऱ्या संगणकांची, रांग लागली. आयबीएमचा ताबा सुटला हे खरे. पण आज तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुठल्याही कंपनीचे कार्ड कुठल्याही कंपनीच्या बोर्डात बसते, ते त्या उघड्या पुस्तिकेमुळे. १९८७ मध्ये आयबीएमने नवा स्लॉट (कार्ड बसवायची खाच) आणून परवान्याचे पैसे मागितले. बाकीच्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन आपला वेगळा खुला स्लॉट जाहीर केला आणि आयबीएमचा स्लॉट मागे पडला.

आपल्याकडचे उदाहरणही वाचा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे ₹२,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण, सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली नाहीत. दंडाचे वाद पुढे कोर्टांत बरेच चालले. पण दुरुस्तीची माहिती अडवून धरणे हा मक्तेदारीचा गैरवापर ठरू शकतो, हे त्या आदेशाने लेखी मांडले. मूळ आदेश वाचा, तो कुणालाही वाचायला खुला आहे.

ट्रॅक्टर घ्यायचा आहे. ५० एचपीच्या वरचा घ्यावा का? — उदगीर

कामाला लागत असेल तर घ्या. पण १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक नियम लागू आहेत, त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. त्याचा बिघाड पान्याने नव्हे, स्कॅनरने कळतो. सौदा ठरण्याआधी डीलरला विचारा की फॉल्ट कोडची यादी पुस्तिकेत छापली आहे का आणि जवळचा स्कॅनर कुठे आहे. उत्तर बिलावर लिहून घ्या.

आम्ही तिघे मिळून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा दोन थरांचा बोर्ड बनवतो. नकाशा खुला करायची इच्छा आहे. मोठी कंपनी उचलून नेईल का? — जालना

तुमचा बोर्ड दोन थरांचा आहे, म्हणजे तांब्याच्या सगळ्या रेषा वरून-खालून दिसतात. तो उचलायचाच असेल तर जाणकार माणूस चार दिवसांत ट्रॅक मोजून नकाशा काढेल. लपवून फक्त तुमचा गावचा मेकॅनिक अडतो. नाव जपायचे असेल तर ट्रेडमार्क नोंदवा. नकाशाला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर परवान्याची दुसरी आवृत्ती लावा. त्यात तीन प्रकार आहेत. ‘एस’ घेतला तर बदल करून विकणाऱ्यालाही आपले बदल खुले करावे लागतात. तुमच्यासाठी आम्ही हाच सुचवतो.

पण खुला करणे म्हणजे पीडीएफ टाकणे नव्हे. पीडीएफ बघता येते, बदलता येत नाही. कायकॅडची (नकाशा काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरची) मूळ फाईल, गर्बर (बोर्ड छापून घ्यायच्या फाईली), फर्मवेअरचा कोड, तो चढवण्याची पद्धत आणि तपासणीचे आकडे (कोणत्या टेस्ट पॉईंटवर किती व्होल्ट) हे सगळे द्या. बोर्डावर आवृत्ती छापा, नाहीतर जुन्या बोर्डला नवा नकाशा लावून माणूस दिवसभर चुकत बसतो. भागांच्या यादीत नुसते ‘१० के रेझिस्टर’ लिहू नका. आकार, टॉलरन्स (आकड्यात चालणारा फरक), वॅट आणि चालणारा पर्यायी भागही लिहा.

आणि यादीत एक रकाना ‘हाच का’ असा ठेवा. उदाहरणार्थ इनपुटचा एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज आले की ते स्वतःवर घेणारा भाग. बहुतेक नकाशांत २७५ व्होल्टचा ‘१४डी४३१’ असतो. आपल्याकडे डीपीवर न्यूट्रल तुटला की हलक्या फेजवर ४१५ च्या आसपास व्होल्टेज चढते. त्याचे शिखर ५८७ व्होल्ट. तेव्हा हा एमओव्ही प्रत्येक अर्ध्या सायकलला वाहतो आणि मिनिटाभरात जळून बोर्ड काळा करतो. म्हणून ४२० व्होल्टचा ‘१४डी६८१’ घ्या, पुढे फ्यूज द्या. पण नुसता एमओव्ही बदलून भागत नाही. मागचा ४०० व्होल्टचा कपॅसिटर त्याच ५८७ व्होल्टला फुटतो. तिथे ४०० चे दोन एकामागे एक (सिरीजमध्ये) लावा, प्रत्येकावर ४७० के चा रेझिस्टर द्या म्हणजे व्होल्टेज सारखे वाटले जाते, आणि स्विचिंग आयसीही तेवढे सोसणारी निवडा. हे तिन्ही बदल एकमेकांना बांधलेले आहेत, हे त्याच ओळीत लिहा. नाहीतर पुढचा माणूस स्वस्त पडतो म्हणून एकच बदलेल.