900 तास चाललेला भाग आणखी 1,000 तास कसा चालेल?

आपण विचारले आहे की, घातांकी वितरणानुसार (म्हणजे वय वाढले तरी बिघाडाचा दर तोच राहतो असे धरून) सरासरी आयुष्य 1,000 तास असलेल्या भागाचे उर्वरित आयुष्य 900 तास चालल्यावरही सरासरी 1,000 तासच राहत असेल, तर एकूण सरासरी 1,900 होत नाही का. होत नाही, 1,900 ही केवळ 900 तास ओलांडणाऱ्या सुमारे 41 टक्के भागांची सरासरी आहे, आणि त्याआधीच बंद पडणाऱ्यांची सरासरी 383 तासांच्या आसपास असल्यामुळे हिशोब पुन्हा 1,000 वरच येतो.

याच मुद्द्यावरून एका वरिष्ठांशी झालेला वाद मी अजून विसरलेलो नाही. देखभाल विभागात असताना सुट्या भागांचा साठा किती ठेवावा याचे गणित आम्ही घातांकी वितरण धरून करत असू, आणि त्याच अहवालाच्या पुढच्या पानावर साहेबांचा आदेश असे की 800 तास झालेला प्रत्येक भाग, तो उत्तम चालत असला तरी, बदलावा. मी बैठकीत म्हणालो की, हे वितरण एकदा मान्य केले म्हणजे 800 तास चाललेला भाग आणि खोक्यातून नुकताच काढलेला कोरा भाग यांत काडीचाही फरक उरत नाही, मग चालता भाग काढून आपण मिळवतो काय? "जुने ते जुनेच," एवढे बोलून त्यांनी पुढचा विषय घेतला.

माझे मत आजही तेच आहे. सतत वितरणांमध्ये स्मृतिहीन, म्हणजे आधी किती तास गेले याचा उर्वरित आयुष्यावर काहीच परिणाम न मानणारे, असे घातांकी वितरण एकटेच आहे. त्यामुळे ते निवडणारा माणूस झीज नाकारतच असतो, त्याला हे ठाऊक असो वा नसो. कार्बन-14 च्या अणूला हे शोभते: अर्धायुष्य 5,730 वर्षे, मग अणू कालचा असो की दहा हजार वर्षांपूर्वीचा.

अर्थात बेअरिंगसारखे भाग झिजतात, तेथे आकार-प्राचल 1 पेक्षा मोठे असलेले वायबुल वितरण (ज्यात वयाबरोबर बिघाडाचा दर वाढत जातो) अधिक योग्य ठरते, आणि तसे असल्यास साहेबांचा आदेश बरोबर व साठ्याचे गणित चूक, हे मला मान्य करावे लागेल. दोन्ही एकाच वेळी बरोबर मात्र असू शकत नाहीत. आपल्याकडे बिघाडांच्या नोंदी असतील, तर वापराचे तास वाढतात तसा बिघाडाचा दर वाढतो का, हे आधी तपासावे. आम्हाला ते नीट तपासता आले नाही, कारण चालते भागही 800 तासांना काढले जात असल्यामुळे त्यापुढची एकही नोंद आमच्याकडे नव्हती.