मार्गारेटमधला ग

‘रीटा हे नाव संस्कृतातल्या ऋत या शब्दावरून आले आणि मार्गारेट म्हणजे आपली मंजिरीच, असे आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे आहे. मुलीचे नाव ठरवण्यापूर्वी यात तथ्य आहे का ते कळेल का?’ असा प्रश्न एका वाचक भगिनींनी विचारला आहे. ही दोन विधाने मी बारशांत, नावांच्या पुस्तिकांत आणि व्याख्यानांतही इतक्या वेळा ऐकली आहेत, की उत्तर थोडे कडक झाले तर त्यांनी राग मानू नये. दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिले सरळच चुकीचे आहे. दुसरे मात्र मोठमोठ्या कोशांच्या आधाराने चुकलेले आहे, म्हणून त्याला जास्त वेळ द्यावा लागेल.

रीटा हे मार्गारिटा या नावाचे शेपूट आहे. इटलीतल्या काश्या गावच्या ज्या संत रीतामुळे हे नाव जगभर गेले, त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव मार्गेरीता होते. त्या १४५७ साली वारल्या आणि १९०० साली त्यांना संतपद मिळाले. हॉलिवूडची रिटा हेवर्थ १९१८ साली जन्मली तेव्हा तिचे नाव मार्गारीता कार्मेन कान्सीनो असे नोंदले गेले होते. ऋता हे स्वतंत्रपणे ठेवण्याजोगे सुरेख संस्कृत नाव आहे. ज्यांना ते आवडते त्यांनी ते ऋकाराने लिहून अवश्य ठेवावे, पण त्याचा युरोपातल्या रीताशी संबंध लावू नये. इटालियन उच्चारात शेवटी ट नसून दंत्य त आहे, आणि मराठीत ‘रिता’ म्हणजे रिकामा, हेही नाव ठरवताना ध्यानात असू द्यावे.

आता मार्गारेट. हे नाव ग्रीक ‘मार्गारीतेस’ म्हणजे मोती या शब्दापासून लॅटिनच्या मार्गे युरोपभर पसरले, इथपर्यंत कोणाचाच वाद नाही. अंतिओकच्या संत मार्गारेटच्या कथेने मध्ययुगात त्याला घरोघरी नेले, कारण बाळंतिणी तिचा धावा करीत. वाद आहे तो ग्रीकांनी हा शब्द कुठून घेतला याचा. युरोपीय व्युत्पत्तिकोश पिढ्यान्‌पिढ्या ‘संस्कृत मञ्जरी ताडून पाहा’ असे लिहीत आले आहेत, आणि आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी त्या ‘ताडून पाहा’चे ‘पासून आला’ करून टाकले आहे. मञ्जरी म्हणजे मोहोर, तुरा. मोती हा तिचा अर्थ मोनियर-विल्यम्सने आपल्या संस्कृत-इंग्लिश कोशात नोंदवला आहे खरा, पण त्यापुढे हा अर्थ केवळ जुन्या कोशकारांनी दिलेला असल्याची खूणही केली आहे. तुळशीच्या मंजिऱ्या आपण रोज पाहतो. त्या पाहून मोती आठवू शकतात, पण आठवण ही व्युत्पत्ती नव्हे.

मला खरी अडचण दिसते ती ग या एका वर्णाची. या नावाची जी रूपे हाती आहेत ती समोर ठेवली, की जुन्या रूपांत ग दिसतो आणि ज नंतर आलेला दिसतो. ग्रीकमध्ये ग, लॅटिनमध्ये ग. इटालियन लेखनात जी (g) या अक्षरापुढे ई (e) हे अक्षर आले की उच्चार ज होतो, म्हणून मार्गेरीता लिहिताना दोहोंच्या मध्ये मुद्दाम एच घालतात. फ्रेंच लोक मार्गरीत लिहिताना त्याच कामासाठी यू घालतात. ही अक्षरे उच्चारासाठी नाहीत, ग टिकवण्यासाठी पहारा म्हणून बसवलेली आहेत. हा पहारा असतानाही आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवर ‘मार्जरिटा पिझ्झा’ छापलेले दिसते तेव्हा मला वाईट वाटते. १८८९ साली नेपल्सला आलेल्या राणी मार्गेरीतावरून त्या पिझ्झ्याला नाव पडले अशी कथा सांगतात. त्या राणीच्या नावात ज कधीच नव्हता.

जुन्या फ्रेंचमध्ये मार्गरीतच्या शेजारी याच नावाचे दुसरे एक रूप होते. त्यात हा पहारा नव्हता, म्हणून ग चा ज झाला आणि ते इंग्लंडात जाऊन मार्जरी झाले. मंजिरीवाद्यांना सर्वांत जास्त भुरळ घालणारे रूप हेच! मार्जरी आणि मंजिरी शेजारी ठेवले की कान लगेच फसतो. पण मार्जरीतला ज मध्ययुगीन फ्रान्समध्ये जन्मला. तो प्राचीन भारतातून येणार कसा? हाच बदल अरबीतही स्वतंत्रपणे झाला. पश्चिम आशियातल्या आरमाईक या जुन्या भाषेतून आलेल्या या शब्दाचे अरबीत ‘मरजान’ झाले, कारण अरबीत जुना ग नियमाने ज होतो. अलिबाबाच्या गोष्टीतली हुशार मर्जिना मुळात मरजाना आहे, म्हणजे तीही मार्गारेटची दूरची बहीण. केवळ आवाज जुळतो एवढाच पुरावा धरायचा, तर मार्जरीला मार्जारी म्हणजे मांजर हा शब्द मंजिरीपेक्षा जवळचा आहे, आणि तो कोणीही पुढे करीत नाही. शिवाय मञ्जरीमधल्या ञकाराच्या जागी मार्गारीतेसमध्ये रकार कसा आला, याचे पटणारे उत्तर मला एकाही मंजिरीवाद्याकडून मिळालेले नाही.

त्यांचा सर्वांत वजनदार साक्षीदार आहे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार आरियन. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनिसच्या आधाराने भारताचे वर्णन करताना, समुद्रातल्या मोत्याला भारतीयांच्या भाषेत मार्गारीतेस म्हणतात, असे तो स्पष्ट लिहितो. आरियनबद्दल आदर राखूनही इथे त्याला मानता येत नाही. मोती भारताच्या समुद्रातून येत, म्हणून त्यांचे नावही भारतीय असणार असे ग्रीकांनी धरले. माल एकीकडचा आणि नाव दलालाचे, हे व्यापारात नेहमी घडते. आपले अंक अरबांकडून मिळाले म्हणून युरोप त्यांना अरबी अंक म्हणतो. इथे तेच उलट बाजूने झाले. भारत आणि ग्रीस यांच्या मध्ये इराण होता, आणि शब्द इराणी तोंडांतून ग्रीक कानांत पडला.

इराणी भाषांत तो ठसठशीत सापडतो. पार्थियनमध्ये मुर्गारीद, सोग्दियनमध्ये मर्घार्त, आजच्या फारसीत मुर्वारीद, म्हणजेच मोर्वारीद. मोर्वारीद हे इराणात आजही मुलींचे नाव आहे, आणि ते युरोपला वळसा न घालता आलेले आहे. या रूपांवरून काही इराणी भाषातज्ज्ञांनी जुने मूळ बांधले आहे. त्यात तीन तुकडे आहेत आणि त्यांचा एकत्र अर्थ ‘पक्ष्याच्या कवचातून जन्मलेला’ असा होतो. ही व्युत्पत्ती वाचली त्या दिवसापासून मी तिच्या प्रेमात आहे, आणि ती सर्वमान्य नाही हे ठाऊक असूनही ती मला इतर सगळ्यांपेक्षा खरी वाटते. उघडलेला शिंपला तळहातावर घ्यावा: बाहेरून खडबडीत, आतून गुळगुळीत आणि ओलसर, आणि मध्ये तो पांढरा गोल दाणा. अंडे आणि त्याचे कवच याखेरीज दुसरी कोणती उपमा समुद्रकाठच्या माणसाला आधी सुचेल? संस्कृतानेही मोत्याला शुक्तिज, म्हणजे शिंपल्यातून जन्मलेला, असे म्हटलेच आहे.

त्या जुन्या शब्दातला पहिला तुकडा आहे ‘मृग’, आणि इराणी भाषांत मृग म्हणजे पक्षी. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, तो मॅरॅघ आहे, फारसीत मुर्ग आहे. सीमुर्ग या पुराणपक्ष्याच्या नावात तो आहे. त्यातला ‘सी’ आपल्या श्येनाचा, म्हणजे ससाण्याचा, भाऊ. संस्कृतात मृगाचा अर्थ रानातले जनावर आणि पुढे हरीण असा झाला, पण ऋग्वेदात एके ठिकाणी (१.१८२.७) ‘पर्णा मृगस्य पतरोः’ असे शब्द आले आहेत, म्हणजे उडणाऱ्या मृगाचे पंख, आणि तोही समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूच्या सूक्तात! आणि मराठी माणसाने ऋग्वेदापर्यंत जायचीही गरज नाही. शहामृग हा शब्द आपण लहानपणापासून म्हणतो. त्या पक्ष्यात हरणाचे काय आहे? काहीही नाही. फारसीत त्याला शुतुरमुर्ग म्हणतात, म्हणजे उंटपक्षी. माझ्या मते शुतुरचे शहा झाले. कोणी ते ‘शाह’ धरतात, तरी मागचा मुर्ग तोच राहतो, आणि ओळखीचा शब्द म्हणून मराठीने त्याचे मृग केले. ही व्युत्पत्ती बरोबर असेल, तर मार्गारेटचे मराठीतले नाते मंजिरीशी नसून शहामृगाशी आहे, आणि ते नाते मला कितीतरी अधिक भारदस्त वाटते.

युरोपात पुढे या नावाचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. पोलिश लोकांनी त्याचे मावगोझाता केले. एका शब्दातले दोन रकार नकोसे झाले, तेव्हा पहिल्याचा लकार झाला आणि पुढे त्याचाही उच्चार वकारासारखा होऊ लागला. आपण दरिद्रचे दळिद्र केले ते याच कारणाने. चेक भाषेत मार्केता, हंगेरियनमध्ये मार्गित. बुडापेस्टच्या डॅन्यूब नदीतले मार्गित बेट तेराव्या शतकातल्या राजकन्येच्या नावाचे आहे. जर्मनांनी पुढचे तोंड तोडून ग्रेटे आणि ग्रेटशेन केले, आयरिश मरेडने ग गिळून टाकला. इंग्लिशांनी मेग केले आणि मग यमक म्हणून पेग, त्यावरून पेगी. मेगन ही वेल्शमधली मेगच आहे. ग्रीक ‘मेगास’ म्हणजे महान हा शब्द तिच्यात शोधू नये. पोर्तुगीजांचे मार्गारीदा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आले.

एक शंका उरते, आणि ती मंजिरीवाद्यांनी माझ्यापुढे अनेकदा ठेवली आहे: फ्रेंचमध्ये मार्गरीत हे एका फुलाचेही नाव आहे, मग मञ्जरीचा मोहोर तिथे दिसतोच ना? तो मोहोर तिथला नाही. ग्रीकांकडून लॅटिनकडे हे नाव गेले ते मोत्याच्या अर्थाने. डेझीच्या पांढऱ्या फुलाला मोत्याचे नाव फ्रेंचांनी मागाहून दिले. त्या फ्रेंच फुलावरूनच इंग्लिशमध्ये मार्गारेट नावाच्या मुलींना डेझी म्हणू लागले. १४ जानेवारी २०२४ रोजी डेन्मार्कचे सिंहासन सोडणाऱ्या राणी मार्ग्रेथे दुसऱ्या यांना घरात डेझीच म्हणतात. त्यांची आजी, इंग्लंडची राजकन्या मार्गारेट, हिलाही घरी डेझीच म्हणत.