प्रश्न तुमचे : आजीशी कोणत्या भाषेत बोलायचे?

प्रश्न : माझे पती मूळचे इथिओपियाची राजधानी अदिस अबाबाचे. शिक्षणासाठी भारतात आले आणि आता मुंबईतच नोकरी करतात. आमची मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. घरात मराठी आणि इंग्रजी चालते. पतींची मातृभाषा अम्हारिक मुलांच्या कानांवर पडते ती त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून तेवढी. सासूबाईंना दुसरी भाषा येत नाही. व्हिडिओ कॉलवर मुले ‘सलाम’ म्हणून पळून जातात आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहतात. आता उशीर झाला आहे का? एखादा ऑनलाइन वर्ग लावावा का? मला अम्हारिक येत नाही, मग मी काय करू? शिवाय शाळेच्या व्हॅनमध्ये काही मुले मुलीला ‘हबशी’ म्हणतात; तिला काय सांगावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : उशीर झालेला नाही, मात्र सुरुवात वर्गापासून नव्हे, तुमच्या पतींपासून व्हायला हवी. ज्या भाषेत घरातले कोणी हाक मारत नाही की रागावत नाही, ती भाषा मूल वर्गात परीक्षेपुरती शिकते आणि विसरते. तुम्हाला परके वाटू नये म्हणून त्यांनी मुलांशी अम्हारिकमध्ये बोलणे टाळले असावे, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर त्यांना मोकळीक तुम्हीच द्यायला हवी आणि काही महिने स्वतःच्याच घरातले निम्मे बोलणे आपल्याला कळणार नाही, हे सोसायलाही हवे. अंघोळ, जेवण, निजानीज अशा ठरावीक वेळी त्यांनी मुलांशी केवळ अम्हारिकच बोलावे. मुले मराठीत उत्तर देतील. देऊ द्यावे, चुका दुरुस्त करत बसू नये.

मराठी बोलणाऱ्या मुलांना ही भाषा वाटते तितकी दूरची नाही. अम्हारिक ही अरबी आणि हिब्रूच्या कुळातली, म्हणजे सेमिटिक भाषा असली, तरी तिचे क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते आणि वडीलधाऱ्यांसाठी तिच्यात आदरार्थी सर्वनामही आहे. आपण ‘आलास’ आणि ‘आलीस’ असा भेद क्रियापदात करतो. तिथे ‘तू’ हा शब्दच बदलतो, मुलाला ‘अन्ता’ आणि मुलीला ‘अन्ची’. लिपीचे साम्य तर याहून मोठे आहे. ‘फिदेल’ नावाच्या त्या लिपीत परंपरेने 33 मूळ अक्षरे असून प्रत्येकाची स्वरांनुसार सात रूपे होतात: ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. ही बाराखडीच आहे, फक्त ‘साताखडी’ म्हणायची! भाषाशास्त्रज्ञ देवनागरीसारख्या लिप्यांना ‘अबुगिडा’ म्हणतात, तो शब्द याच लिपीच्या अक्षरांवरून घडवला गेला आहे. तेव्हा तुमचे काम इथे आहे. मुलीबरोबर तुम्हीही फिदेल गिरवायला बसा. आईसुद्धा चुकते आहे हे पाहून मुलांना जो उत्साह येतो, तो कोणत्याही शिकवणीत येत नाही. (पतींची मातृभाषा ओरोमो असती, तर हा सल्ला बदलला असता, इथिओपियात 80 हून अधिक भाषा आहेत आणि ओरोमो आता लॅटिन लिपीत लिहिली जाते.)

सणांपैकी एन्कुतताश, म्हणजे नववर्ष, आधी घ्या. ते बहुतेक वर्षी 11 सप्टेंबरला येते. तिथल्या मुली ‘अदेय अबेबा’ ही पिवळी फुले घेऊन घरोघरी गाणी म्हणत जातात. भोंडल्याची गाणी येणाऱ्या आणि सह्याद्रीवर फुललेली सोनकी पाहिलेल्या मुलीला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. तेरा महिन्यांचे ते कॅलेंडर आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे चालते, तेव्हा तिकडच्या हिशेबाने मुलीचे जन्मवर्ष कोणते, हे तिलाच काढू द्या.

स्वयंपाकघरात फार अडचण नाही. इंजेरा, म्हणजे तिथले आंबवलेल्या पिठाचे घावन, टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा होतो आणि टेफ आपल्याकडे सहज मिळत नाही. पण इथिओपियात नाचणीचा आणि ज्वारीचाही इंजेरा करतात, त्यामुळे आंबवलेल्या नाचणीच्या पिठाचा तुमचा इंजेरा नकली ठरत नाही. सोबत शिरो करावा, तो पिठल्याचा जवळचा नातलग आहे. आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवण्याच्या तिथल्या रीतीला ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत मुलांनी ती पाहिलेलीच असेल.

‘हबशी’ची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. व्हॅनमधल्या चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांशी तुम्ही दोघांनी जाऊन बोलावे. ते निस्तरण्याचे ओझे मुलीवर टाकू नये. मात्र तो शब्द आला कुठून, हे तिला जरूर सांगावे. इथिओपियाच्या पठारावरचे अनेक लोक अभिमानाने स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात आणि आपला शब्द त्याच मुळातला आहे. त्या भूमीतून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढे मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी हे नगर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गुलामगिरीचा भाग तिच्यापासून लपवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला तो समजतो. दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादला त्याची कबर दाखवा आणि जवळच वेरूळचे कैलास लेणेही. इथिओपियातल्या लालिबेलाची चर्चही अशीच अखंड खडकातून वरून खाली कोरलेली आहेत, हे तिथे तिच्या बाबांनी सांगावे, शक्य तितके अम्हारिकमध्ये.

राहिला आजीचा कॉल. रविवारी सकाळी साडेअकरा ही वेळ ठरवा. तेव्हा अदिस अबाबात नऊ वाजलेले असतात आणि तिथल्या घड्याळाप्रमाणे तीन, कारण ते दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. मुलांना खुर्चीवर बसवून ‘बोला’ म्हणू नका. फोन ओट्यावर उभा करा, तव्यावर इंजेरा घाला आणि तो कुठे बिघडला, हे आजीला सांगू द्या. बाबांनी दुभाष्याचे काम पहिले दोनच रविवार करावे.