डब्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय?

प्रश्न : ताई, माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, काहीही लावलं की गाल लाल होतात आणि चुरचुरतात. म्हणून मुद्दाम 'हायपोॲलर्जेनिक', 'अनसेंटेड', 'नॅचरल' लिहिलेलं मॉइश्चरायझर घेतलं, साडेपाचशेचं, तरी चौथ्या दिवशी बारीक पुरळ आलं. मैत्रीण म्हणते त्यात अल्कोहोल आहे. मागे सिटिअरिल अल्कोहोल लिहिलंय खरं, शेवटी लॅव्हेंडर ऑइल, लिनालूल, लिमोनीन असंही आहे. आता काय घेऊ? (सांगली)

उत्तर : अगं, आधी ते क्रीम बंद कर. पुरळ जाईपर्यंत नवीन काहीच नको, पूर्वी सोसलेलं एखादं साधं क्रीम असेल तर तेवढंच लाव.

मैत्रिणीने पकडलेला चोर बहुतेक चुकीचा आहे. सिटिअरिल अल्कोहोल नावालाच अल्कोहोल, असतं मेणासारखं, क्रीमला घट्टपणा येतो आणि त्वचा मऊ राहते. त्याची ॲलर्जी क्वचित कुणाला येते. कोरडं करणारं ते 'अल्कोहोल डिनॅट', ते वेगळं. माझा संशय तू शेवटी लिहिलेल्या तीन नावांवर आहे. लॅव्हेंडर तेल अस्सल नॅचरलच, पण लिनालूल आणि लिमोनीन हे वासाचे घटक हवा लागून बदलतात आणि मग जास्त ॲलर्जी देतात, म्हणजे बरेच दिवस उघडा राहिलेला डबा आणखीनच त्रासाचा. आणि अनसेंटेड म्हणजे वास नसलेलं असं आपण धरतो, पण मूळचा वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असला तरी तसं छापलेलं असू शकतं. तू 'फ्रॅग्रन्स-फ्री' शोध, आणि तेवढ्यावरही विश्वास न ठेवता मागे परफ्यूम, फ्रॅग्रन्स किंवा कुठलं सुगंधी तेल नाही ना ते बघ.

हायपोॲलर्जेनिकचं, म्हणजे ॲलर्जी कमी होईल या दाव्याचं, तर मला खरंच वाईट वाटतं, कारण त्रास असलेली माणसंच त्या शब्दावर पैसे घालवतात. अमेरिकेत 1975 साली एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला होता की हा शब्द छापायचा तर टेस्ट करून दाखवा, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. 'डर्मटॉलॉजिकली टेस्टेड' पण तसंच, किती जणांवर केली आणि निकाल काय लागला हे त्यात कुठे असतं?

मागची यादी वाचायची रीत अशी, की 1 टक्क्याच्या वरचे घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, त्याच्या खालचे कसेही. पण शेवटी आहे म्हणजे निरुपद्रवी असं समजू नकोस, ॲलर्जीला चिमूटभर पुरतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह (क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते) युरोपात लावून ठेवायच्या क्रीममधून बंदच केलंय, धुऊन टाकायच्या गोष्टींत दहा लाखात फक्त 15 भाग चालतं. उलट पॅराबेन हेही प्रिझर्व्हेटिव्हच, पण ज्याला सगळे घाबरतात त्याची ॲलर्जी फार कमी जणांना होते, इतकी की 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (काही लागून त्वचेला येणाऱ्या पुरळाच्या) सोसायटीने त्याला 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर', म्हणजे ॲलर्जी न देणारा वर्षाचा घटक, ठरवलं. तेव्हा 'पॅराबेन-फ्री' बघून हुरळू नकोस, त्याऐवजी काय घातलंय ते बघ.

नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावायचं. एका रात्रीत काही कळत नाही, ॲलर्जी उशिरा उमटते. तरी पुरळ येतच राहिलं तर स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घे, पाठीवर पट्ट्या लावून साधारण दोन दिवस ठेवतात आणि नंतर परत बघतात. आणि प्लीज, मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचं, म्हणजे स्टिरॉइडचं, क्रीम आणून चेहऱ्याला लावू नकोस, चार दिवस बरं वाटतं आणि मग चेहरा त्याच्याशिवाय राहत नाही, त्वचा पातळ होते ती वेगळीच.

प्रश्न : टिकली लावते तिथे कपाळावर गोल पांढरट डाग पडलाय. कंपनी बदलली तरी तसाच. कोड आहे का? (वय 58, नाशिक)

उत्तर : काकू, टिकलीच्या मागच्या गोंदामुळे असं होऊ शकतं. काही गोंदांत पीटीबीपी नावाचं रसायन असतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. गोंद तोच राहिला तर कंपनी बदलून उपयोग नाही. चिकट टिकली आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, कोड आहे की नाही ते तेच बघून सांगतील. जाताना टिकलीचं पाकीटही बरोबर न्या.