ठाऊक असणे म्हणजे ठाव असणे

एका वाचकाने विचारले आहे की, मेंदूतल्या 'हिप्पोकॅम्पस' या स्मृतीशी निगडित भागाला मराठीत 'आठवणींचे कोठार' म्हणावे का?

म्हणू नये. आरोग्यविषयक लेखांतून हे कोठार वाचून वाचून वीट आला आहे, शिवाय ते चुकीचेही आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग कापून काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवे प्रसंग ध्यानात ठेवता येईनात, पण लहानपणच्या कित्येक गोष्टी ते सांगू शकत. कोठारच उचलून नेले असते, तर जुने धान्य मागे कसे उरले असते?

ग्रीक 'हिप्पोकाम्पोस' म्हणजे अर्धा घोडा आणि अर्धा जलचर असा पुराणातला प्राणी. इटलीतल्या बोलोन्याचे शरीररचनातज्ज्ञ आरांझी यांनी १५८७ मध्ये आकारावरून मेंदूच्या या भागाला हे नाव दिले. त्यातला 'हिप्पोस' आपल्या 'अश्व'चा सख्खा भाऊ आहे, एवढ्या आधारावर 'अश्व' घालून जोडशब्द पाडणाऱ्या परिभाषाकारांना मात्र दंडवत. आकारावरून पडलेले नाव काम थोडेच सांगते!

ते काम आपल्या 'ठाऊक' या शब्दात केव्हाचे दडलेले आहे. 'ठाव' म्हणजे जागा, आणि 'ठावा', 'ठाऊक' म्हणजे माहीत असलेले. तुकोबांच्या 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' या चरणातला 'ठावा' तोच. मूळ 'स्था' धातूकडे बोट दाखवून 'मनात स्थिर झालेले ते ठाऊक' असे कोणी म्हणेल, परंतु मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. ज्याचा ठावठिकाणा सांगता येतो तेच ठाऊक, असा हा साधा अर्थप्रवास असावा. १९७१ मध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की या मेंदूशास्त्रज्ञांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, की प्राणी एका ठरावीक जागी आला की त्यांतली ठरावीक पेशी चेतते. मेंदूच्या शेजारच्याच 'एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स' या भागातल्या पेशी जागेवर जणू षट्कोनी जाळी आखतात, हे मोझर दांपत्याच्या गटाने २००५ मध्ये दाखवले आणि २०१४ चे नोबेल ओकीफ व मोझर दांपत्य यांना विभागून मिळाले.

जागेबरोबर भोवतालही येतो. माझी आजी चष्मा सापडेना की स्वयंपाकघरातून उठून देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राही, आणि "इथं होते तेव्हा काय करत होते बरं?" असे स्वतःलाच विचारी, बहुधा तेवढ्याने चष्मा सापडे. स्कॉटलंडमधल्या ओबानजवळ पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर केलेल्या, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले, त्याला मी आजीचीच साक्ष समजतो.

राहिला मूळ प्रश्न. 'हिप्पोकॅम्पस' तसाच लिहावा, 'हार्मोन' रुळला तसा तोही रुळेल. आणि जागेच्या स्मृतीला शब्द हवाच असेल, तर 'ठावस्मृती' म्हणून पाहावे.