दिवसभर एक्सेल, मग शेतकऱ्यांसाठी काम कधी?

प्रश्न: ताई, बीएस्सी अ‍ॅग्री करून दिंडोरीजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये लागलोय, रोज पंचवटीतून बाईकने जातो. शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचं म्हणून या लाईनला आलो पण दिवसभर लेबल, एक्सेल आणि गाड्यांचे फोन, संध्याकाळी वाटतं आज नक्की कुणाच्या उपयोगाला आलो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अरे, 'शेतकऱ्यांसाठी काहीतरी' हे फार मोठं झालं, सोमवारी सकाळी नऊला ते कुठून सुरू करणार? एका कामाएवढं लहान कर. माझ्या काकांचा माल एकदा परत आला, तर क्रेट अंगणात ठेवून रात्री उशिरापर्यंत मणी चाचपत बसले होते, माल का परत आला ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सांगते, सुपरवायझरला विचारून रोज एका तरी शेतकऱ्याला माल का नाकारला ते कारण सांग, साईज कमी, ब्रिक्स (म्हणजे रसातली साखर) कमी की मण्याला तडे. गेटवर असतील तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं यंत्र, त्यांच्याच हातात दे, काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून आकडा त्यांना स्वतः वाचू दे. फोन करायचा तर जेवणाआधीच कर, नंतर गाड्या लागल्या की राहतंच.

आणि लेबलला कमी लेखू नकोस, ग्रेपनेटमुळे, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाईन नोंदींमुळे, परदेशात गेलेला माल मागे थेट प्लॉटपर्यंत शोधता येतो, नोंद चुकली तर दोष भलत्याच बागेवर येतो. कुणाला काय सांगितलंस ते वहीत लिही, ऑक्टोबर छाटणीला, म्हणजे पुढच्या पिकाची तयारी सुरू होताना, त्याच लोकांना परत फोन करायचाय.