मित्राला फोनपेवरून ४० हजार उसने दिले, कागद काहीच नाही. दोन वर्षं झाली, आता वसूल करता येतील का?
हो, कागद नसला तरी दिवाणी दावा लावता येतो, पण तुमच्या हातात साधारण एकच वर्ष उरलंय. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसने दिलेल्या पैशांसाठी दिल्या दिवसापासून ३ वर्षं मिळतात. ‘देतो रे, पगार होऊ दे’ असं तोंडी कितीदा म्हटलं तरी मुदत वाढत नाही; ती संपण्याआधी त्याच्या सहीची लेखी कबुली मिळाली, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं. खरी अडचण पुराव्याची आहे. बँकेच्या स्टेटमेंटवरून पैसे गेले एवढंच दिसतं, उसने होते हे नाही. उद्या तो ‘जुना हिशोब फेडला’ म्हणेल. म्हणून वकिलाची नोटीस नंतर, आधी व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून ‘कधी देतोस?’ विचारा आणि उत्तर जपून ठेवा.